कशापेक्षा स्वच्छ?

(देवनहळ्ळी येथे वाचकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे, थोडेफार संस्करण करून सिद्ध केलेले लिखित रूप)



आजच्या विषयावर अधिकारवाणीने बोलावे अशी माझी योग्यता नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. मी विज्ञानाची विद्यार्थिनी नव्हे. मराठी भाषा आणि साहित्य हा माझ्या अभ्यासाचा विषय. ऊर्जा आणि वाहतूक यांवरील एक इंग्रजी पुस्तक मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आले आणि त्या निमित्ताने कोळसा, खनिज तेल, सूर्यप्रकाश, विद्युत्‌घट अशा मंडळींच्या सहवासात दीर्घकाळ राहावे लागले. वाचकाला एखादे वाक्य पटले नाही तर तो पुढे जाऊ शकतो. अनुवादकाला ती सवलत नसते. मी जिथे अडले ती एकच जागा आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

त्या पुस्तकात पानोपानी एक विशेषण येते: 'क्लीनर'. मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे या शब्दासरशी मालमोटारीचा क्लीनर उभा राहतो, हा भाग निराळा. मूळ शब्दात तरभाव आहे. 'स्वच्छतर' हा त्याचा शुद्ध संस्कृत प्रतिशब्द. पण तो कागदावरच राहतो, तोंडी येत नाही. म्हणून आपण सरळ 'स्वच्छ ऊर्जा' लिहून मोकळे होतो. वर्तमानपत्रे तेच करतात, शासकीय पत्रके तेच करतात, पहिल्या खर्ड्यात मीही तेच केले. पुढे ध्यानात आले की, या एका सोयीने सगळा वादच नाहीसा झाला आहे. 'स्वच्छ' म्हटले की प्रश्न मिटला. 'अधिक स्वच्छ' म्हटले की मराठी ऐकणारा लगेच विचारतो, कशापेक्षा? आपल्या भाषेत तुलना 'पेक्षा'वाचून पुरी होत नाही. इंग्रजीत ते पद गाळता येते, आणि गाळले तरी वाक्य खटकत नाही. दुसऱ्या खर्ड्यात मी ते पद जागोजागी भरू लागले. काही ठिकाणी ते सहज भरले गेले, काही ठिकाणी पुष्कळ शोध घ्यावा लागला.

हा केवळ भाषेचा खेळ नव्हे, हे या गावी निराळे सांगायला नको. औद्योगिक युगाच्या पूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते, ते आता ४२० च्या वर गेले आहेत. जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२४ या वर्षाचे सरासरी तापमान औद्योगिक युगापूर्वीच्या मानाने सुमारे १.५५ अंश सेल्सियसने अधिक होते. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात बंगळूर शहरातील हजारो विंधनविहिरी कोरड्या पडल्या आणि एप्रिलच्या अखेरीस पारा ३८ अंशांच्या पुढे गेला. पंखा न लावता झोपता येणारे गाव म्हणून ज्याची ख्याती, त्याची ही कथा. हा सारा दोष तापमानवाढीचाच, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. तलाव बुजवले गेले, भूजलाचा उपसा बेसुमार झाला, आदल्या वर्षीचा पाऊस दगा देऊन गेला. पण दुखणाईत माणसाला उन्हात उभे करावे तसे यामुळे झाले आहे.

आता 'कशापेक्षा?' या प्रश्नाकडे वळू. मराठी मुलखात हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला त्याला शंभर वर्षे होऊन गेली. पुणे जिल्ह्यातील मुळशी पेट्यात, निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमाशी धरण बांधून ते पाणी सह्याद्रीच्या पलीकडे कोकणात सोडावे, त्यावर वीज निर्माण करावी आणि ती मुंबईच्या गिरण्यांना पुरवावी, अशी टाटांची योजना होती. खोपोलीचे वीजगृह १९१५ पासून चालूच होते. मुंबईच्या गिरण्या तोवर दगडी कोळशावर चालत. त्या धुराने शहर काळवंडले होते आणि कोळसा दुरून आणावा लागे. पाण्यापासून मिळणाऱ्या विजेला त्या काळी लोक कौतुकाने 'पांढरा कोळसा' म्हणत. कोळशापेक्षा स्वच्छ, यात तिळमात्र शंका नव्हती.

परंतु धरणाच्या पाण्याखाली जाणार होती ती मावळ्यांची भातखाचरे. १९२१ च्या रामनवमीला तेथे सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे ही त्यातील ठळक नावे. हा लढा १९२४ पर्यंत चालला आणि शेवटी हरला. धरण झाले, आणि पायथ्याशी भिरा येथील वीजगृह १९२७ मध्ये सुरू झाले. राजेन्द्र व्होरा यांनी या लढ्याचा जो साक्षेपी अभ्यास केला आहे त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते: जमिनीची मालकी बऱ्याच अंशी पुण्यातील सावकारांकडे गेलेली होती आणि कसणारे मावळे कुळे होती. मोबदल्याचा प्रश्न आला तेव्हा या दोघांचे हित एक राहिले नाही. सावकाराला पैसे चालणार होते. कुळाला जमीनच हवी होती.

मुळशीचा आणखी एक पैलू अलीकडे पुन्हा चर्चेत येतो. मुळा ही भीमेच्या खोऱ्यातील नदी. तिचे पाणी पूर्वेकडे जायचे. ते पश्चिमेस वळवून वीज निर्माण केली जाते आणि पुढे ते कुंडलिकेवाटे समुद्राला मिळते. इकडे भीमेच्या खोऱ्यातील तालुके दर काही वर्षांनी टँकरची वाट पाहतात. तेव्हा हिशेब असा: कोळशाच्या धुरापेक्षा स्वच्छ, मुंबईच्या फुप्फुसांना निश्चित हितकर, भीमेच्या खोऱ्याला मात्र तोट्याची. ही तिन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. यांतले एक घेऊन दुसऱ्याला खोटे पाडणे म्हणजे वाद नव्हे, वकिली होय.

म्हैसूर संस्थानाचा अनुभव याच्या आधीचा. शिवनसमुद्र येथे कावेरीवर १९०२ मध्ये वीज निर्माण झाली ती कोलारच्या सोन्याच्या खाणींसाठी. बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे १९०५ मध्ये लागले. त्यानंतर कितीतरी दशके या राज्याची वीज जवळजवळ सर्वस्वी पाण्याची होती. रायचूरचे औष्णिक केंद्र १९८५ मध्ये सुरू झाले तेव्हा कोळसा येथे नव्याने आला. म्हणजे आपण नेहमी घाणीकडून स्वच्छतेकडेच जातो, असा जो सरळ रेषेचा भ्रम आहे, त्याला या राज्याचा इतिहास आधार देत नाही.

आता आपल्या गावाकडे येते. देवनहळ्ळी म्हटले की पूर्वी किल्ला आठवे, टिपू सुलतानाचे जन्मस्थान आठवे आणि चक्कोता आठवे. आपण मराठीत ज्याला पपनस म्हणतो त्याची इथली जात इतकी नामांकित की तिला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. २४ मे २००८ पासून मात्र देवनहळ्ळी म्हणजे विमानतळ. सुमारे चार हजार एकरांवर तो पसरला आहे आणि २०२४-२५ या आर्थिक वर्षात सुमारे ४ कोटी १८ लाख प्रवाशांनी त्याचा उपयोग केला. मीही परवा पुण्याहून त्याच मार्गाने आले. तापमानवाढीवर भाषण करण्यासाठी विमानाने यावे यातील विसंगती मला कळते. ती लपवण्यापेक्षा सांगून टाकलेली बरी.

या विमानतळाने स्वच्छतेच्या दिशेने जे केले आहे त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. छपरांवर आणि आवारात सौर पट्ट्या आहेत, बाहेरून घेतलेली वीजही पवन आणि सौर प्रकल्पांची आहे, पावसाचे पाणी साठवले जाते. विमानतळांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने कार्बनविषयक मूल्यमापनाच्या ज्या पायऱ्या ठरवल्या आहेत त्यांपैकी सर्वांत वरची, पाचवी, पायरी त्याने २०२४ मध्ये गाठली. पुस्तकात अशाच प्रकारच्या मूल्यमापनांवर एक प्रकरण आहे आणि माझे 'पेक्षा' तिथेच अडले. या पद्धतीत विमानतळाने स्वतः जाळलेले इंधन आणि स्वतः वापरलेली वीज यांचा हिशेब काटेकोर ठेवला जातो. तिथे उतरणारी व उडणारी विमाने जे इंधन जाळतात आणि प्रवाशांच्या मोटारी जे जाळतात ते तिसऱ्या, वेगळ्या रकान्यात जाते. त्याविषयी २०५० पर्यंत शून्यावर येण्याचे वचन द्यावे लागते. नियमाप्रमाणे यात काही गैर नाही. विमानाचे इंधन ही विमान कंपनीची बाब आहे, विमानतळाची नव्हे. पण वाचक 'स्वच्छ विमानतळ' असे शब्द वाचतो तेव्हा त्याच्या मनात विमान असते, इमारत नसते. खानावळीने चुलीचा धूर मोजावा आणि ताटातले अन्न मोजू नये, तसा हा प्रकार आहे. या ताटातला वाटा चुलीपेक्षा कितीतरी मोठा आहे.

मग विमानेच अधिक स्वच्छ का करू नयेत? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर निसर्गनियमांत आहे. एक किलो विमान-इंधनात जेवढी ऊर्जा असते तिच्या चाळिसाव्या हिश्शाहूनही कमी ऊर्जा आजच्या एक किलो विद्युत्‌घटात मावते. विजेची मोटर इंधनाच्या इंजिनापेक्षा पुष्कळ काटकसरी असली तरी एवढी तफावत भरून निघत नाही. रस्त्यावरच्या बसला वजन वाहून नेता येते, विमानाला ते उचलावे लागते. म्हणून शहर आणि विमानतळ यांमधल्या बसगाड्या विजेवर चालवणे आज साध्य आहे. पुण्याचे विमान विजेवर आणणे आज साध्य नाही.

उरते ते वनस्पतिजन्य इंधन. या बाबतीत महाराष्ट्राने पाऊल टाकले आहे. १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला एक प्रवासी विमान गेले. त्याच्या इंधनात पुण्याच्याच प्राज इंडस्ट्रीज या कंपनीने इथेनॉलपासून तयार केलेल्या इंधनाचा एक टक्क्यापर्यंत अंश मिसळलेला होता. आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनात २०२७ मध्ये एक टक्का, २०२८ मध्ये दोन टक्के आणि २०३० मध्ये पाच टक्के असे मिश्रण व्हावे, हे भारत सरकारने ठेवलेले उद्दिष्ट आहे. मोटारींच्या पेट्रोलमध्ये तर वीस टक्के इथेनॉलचा पल्ला २०२५ मध्ये गाठला गेला.

आकडे वाचून आनंद होतो. पण इथेनॉल कशाचे? मळीचे, उसाच्या रसाचे, आणि आता मोठ्या प्रमाणावर मक्याचे व तांदळाचे. ऊस म्हटला की पाणी आले. नीती आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालातच असे नोंदले आहे की, साखरेपासून मिळणाऱ्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. २०२३ साली पाऊस कमी झाला तेव्हा त्या डिसेंबरात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्र सरकारला निर्बंध घालावे लागले. साखर आधी की इंधन आधी, हा प्रश्न एका पावसाने उभा केला. सोलापूर-अहिल्यानगरकडच्या ऊस-बागायतदाराला हे ऐकवले तर तो विचारील की, इथेनॉलमुळे कारखान्याकडे रोख पैसा आला, आमची बिले वेळेवर निघू लागली, ते तुम्हाला दिसत नाही का? त्याचेही म्हणणे खरे आहे. पेट्रोलपेक्षा स्वच्छ, कारखान्याच्या थकबाकीपेक्षा बरे, पण शेजारच्या जिरायती गावाच्या विहिरीपेक्षा? तिथे 'पेक्षा' पुढे काय लिहावे हे त्या गावाला विचारल्याशिवाय लिहिता येणार नाही.

इथे एका वृक्षाची आठवण काढते. कानडीत ज्याला होंगे म्हणतात तो आपला करंज. या भागात तो बांधांवर, रस्त्यांच्या कडेने सर्वत्र आहे. त्याच्या बियांचे तेल पिढ्यान्‌पिढ्या दिव्यात जळत आले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील उडुपी श्रीनिवास यांनी याच तेलावर डिझेल इंजिने चालवून दाखवली. करंजाला पाटाचे पाणी लागत नाही, गुरे त्याचा पाला खात नाहीत, सावली मिळते ती वेगळी. पण बांधावरच्या झाडांनी गावचा पंप चालेल. चार कोटी प्रवासी उडणार नाहीत. प्रमाणाचा विचार सुटला की चांगली कल्पनाही जाहिरात बनते.

जमिनीचा प्रश्न तर आपल्या अंगणातला आहे. याच तालुक्यातील चन्नरायपट्टण होबळीतील तेरा गावांची १,७७७ एकर जमीन विमान-उद्योगाच्या वसाहतीसाठी संपादन करण्याचे ठरले आणि एप्रिल २०२२ पासून तेथील शेतकरी धरणे धरून बसले. तीन वर्षांहून अधिक काळ ते बसले होते. १५ जुलै २०२५ रोजी मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी संपादन मागे घेतल्याची घोषणा केली. ज्यांना स्वखुशीने जमीन द्यायची असेल त्यांची अधिक मोबदला देऊन घेतली जाईल, असेही त्यांनी सांगितले. या वादात दोन्ही बाजूंना काही म्हणायचे होते. उद्योग आले तर तरुणांना काम मिळेल, हे खोटे नाही. राजधानीला भाजी, फळे, दूध आणि रेशीम पुरवणारी ही जमीन परत तयार करता येत नाही, हेही खोटे नाही. मुळशीच्या मावळ्यांना जे मिळाले नाही ते इथल्या शेतकऱ्यांना मिळाले, एवढे मात्र शंभर वर्षांत बदलले.

याच्या अगदी निराळे उदाहरण इथून उत्तरेला, तुमकूर जिल्ह्यातील पावगड तालुक्यात आहे. तेथे सुमारे १३,००० एकरांवर २,०५० मेगावॅट क्षमतेचे सौर उद्यान २०१९ च्या अखेरपर्यंत पूर्ण झाले. तालुका कायमचा अवर्षणग्रस्त. भुईमूग लावावा आणि आभाळाकडे पाहावे, ही तिथली शेती. सरकारने ही जमीन विकत घेतली नाही, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतली. एकरी वर्षाला २१,००० रुपये भाडे आणि दर दोन वर्षांनी त्यात पाच टक्के वाढ, मालकी शेतकऱ्याचीच. मला ही रीत मुळशीपेक्षा, आणि सक्तीच्या संपादनापेक्षाही, निःसंशय अधिक न्याय्य वाटते. पण इथेही व्होरांनी दाखवलेली ती जुनी फट दिसते. भाडे मिळते ते ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याला. ज्याच्या नावावर काहीच नव्हते, जो दुसऱ्याच्या भुईमुगात खुरपायला जात होता, त्याचे काम गेले आणि भाड्याच्या यादीत तो कोठेच नाही. सौर पट्ट्या पुसण्यास आणि गवत काढण्यास फार माणसे लागत नाहीत.

माझे बोलणे ऐकून कोणाला वाटेल की, ही बाई प्रत्येक गोष्टीत खोट काढते, म्हणजे जे चालले आहे तेच चालू द्यावे. तसे मुळीच नाही. 'कशापेक्षा?' हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला तर सर्वांत अधिक उघडा पडतो तो कोळसा. आपल्या देशातील विजेच्या स्थापित क्षमतेत खनिज इंधनांवाचून चालणाऱ्या साधनांचा वाटा २०२५ मध्ये निम्म्यावर गेला, ही मोठीच गोष्ट आहे. पण क्षमता आणि प्रत्यक्ष निर्मिती यांत अंतर असते, आणि प्रत्यक्ष विजेचा बराच मोठा भाग अजून कोळशाचाच आहे. विजेवरची बस धूर सोडत नाही, तिचा धूर काही अंशी रायचूरला सुटतो. तरीही ती बस डिझेलच्या बसपेक्षा चांगलीच. कारण मोटर इंधनाच्या इंजिनापेक्षा काटकसरी आहे आणि पावगडासारखी उद्याने वाढतील तसा त्या बसचा हिशेब आपोआप सुधारत जातो. डिझेलच्या इंजिनाला ही वाट बंद आहे.

या साऱ्या वादात मला सर्वांत उपयोगी पडले ते याच बंगळुरातील एका प्राध्यापकाचे विचार. अमूल्य रेड्डी भारतीय विज्ञान संस्थेत विद्युत्-रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञान शोधणारा 'अस्त्र' हा उपक्रम त्यांनी १९७४ मध्ये सुरू केला. कमी लाकडात जळणारी चूल, शेणाच्या वायूवर चालणारे तुमकूर जिल्ह्यातील पुरा गावचे दिवे आणि पाणी, ही त्यातली ठळक कामे. त्यांचा आग्रह असा की, ऊर्जेचा विचार खाणीपासून किंवा धरणापासून सुरू करू नये, माणसाच्या गरजेपासून करावा. माणसाला वीज नको असते, उजेड हवा असतो. सरपण नको असते, शिजलेले अन्न हवे असते. या दृष्टीने त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्नाटकाच्या वीज-नियोजनाला पर्यायी आराखडा मांडला आणि सरकारी अंदाजापेक्षा बरीच कमी वीज पुरेल असे दाखवले.

हाच विचार वाहतुकीला लावून पाहा. माणसाला मोटार नको असते, पोहोचायचे असते. बंगळुराहून विमानतळावर येणारे बहुसंख्य लोक आजही मोटारीने, बल्लारी रस्त्याच्या गर्दीतून येतात. त्या मोटारी विजेच्या केल्या तरी रस्ता तेवढाच तुंबेल. मेट्रोचा विमानतळापर्यंतचा मार्ग केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये मंजूर केला. त्याचे खांब आपण रोज पाहतो. आणि या सर्वांच्या आधीपासून इथे काय होते? लोहमार्ग! बंगळूर-चिक्कबळ्ळापूर ही अरुंद रुळांची गाडी देवनहळ्ळीवरून १९१५ पासून धावत होती. पुढे रूळ रुंद झाले, मार्गावर विजेच्या तारा आल्या, आणि विमानतळाच्या कुंपणालगत एक छोटा थांबा जानेवारी २०२१ मध्ये उघडला. पण गाड्या मोजक्या, वेळा विमानांशी न जुळणाऱ्या, म्हणून प्रवासी थोडे. आणि प्रवासी थोडे म्हणून गाड्या वाढवायच्या नाहीत. नवे यंत्र नको, नवी जमीन नको, फक्त वेळापत्रक हवे, अशी ही स्वच्छता. तिचे उद्घाटन करण्यात कोणाला फारसा रस नसावा. हे माझे मत आहे, ते कठोर वाटल्यास सोडून द्यावे.

परतीचे तिकीट मी उद्यान एक्स्प्रेसचे काढले आहे. पुण्याला पोहोचायला जवळजवळ वीस तास लागतील. ज्याला दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचे आहे त्याला असा सल्ला देणे सोपे आणि अन्यायाचे आहे; मला गाडीत बसून मुद्रिते तपासता येतात म्हणून हे परवडते. मुद्रिते त्याच पुस्तकाची आहेत, आणि त्यात दोन-तीन ठिकाणी 'पेक्षा'ची जागा अजून कोरी आहे. इथे जमलेल्यांत विमानतळावर नोकरी करणारे आहेत, चन्नरायपट्टणकडचे आहेत, आणि ज्यांचे आजोबा त्या अरुंद गाडीने बंगळूरला जात असेही आहेत. आता आपले म्हणणे ऐकावे, म्हणून मी थांबते.